मंत्र्यांचे दालन, आयोगाची सुनावणी की चेंबरचे निवेदन?

छपरावर सौर पॅनेल बसवणाऱ्या गोव्यातल्या कंपनीला धोरणाबद्दल सरकारशी बोलायचे असेल, तर वाटा तीन आहेत: पर्वरीला मंत्री-सचिवांची भेट, वीज नियामक आयोगापुढे लेखी म्हणणे, किंवा उद्योग संघटनेमार्फत निवेदन. बहुतेकांची सुरुवात पर्वरीपासून होते. राज्य लहान, कुणीतरी ओळखीचा निघतोच.

पण महाराष्ट्रात जे काम महावितरण कंपनी करते, ते गोव्यात सरकारचे वीज खाते स्वतः करते. नेट मीटरिंग, म्हणजे छपरावरची जादा वीज जाळ्यात देऊन ती बिलातून वळती करणे, सोपे करा म्हणून तुम्ही ज्या खात्याकडे जाता, त्याच खात्याचा महसूल तुमच्या ग्राहकाच्या बिलातून येतो. शिवाय नेट मीटरिंगच्या अटी एकट्या खात्याच्या हातातही नाहीत. नेट मीटरिंगचे 2019 चे विनियम गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांच्या संयुक्त वीज नियामक आयोगाचे आहेत, आणि आयोग बसतो गुरुग्रामला. त्यामुळे मंत्र्यांकडून फार तर ‘बघूया’ मिळते.

मंत्र्यांकडे जायचे ते त्यांच्या हातातल्या गोष्टींसाठी: राज्याचे अनुदान, 2017 च्या सौर धोरणातले बदल, गोवा ऊर्जा विकास संस्थेच्या योजना. तिथे भेटीला खरेच वजन असते. मात्र जाताना हात रिकामे ठेवा. 2018 च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणारी कंपनीही आरोपी होते, आणि संचालकाची संमती सिद्ध झाली तर तोही.

आयोगाचा रस्ता रटाळ आहे, आणि माझे मत त्याच्याच बाजूने आहे. 2003 च्या वीज कायद्यानुसार वीजदराचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो, लोकांच्या हरकती विचारात घ्याव्या लागतात आणि अर्ज मिळाल्यापासून 120 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. विनियम बदलायचे तर त्यांचाही मसुदा आधी जाहीर होतो. दराच्या आदेशात हरकत, त्यावर खात्याचे उत्तर आणि आयोगाचे मत असे तिन्ही छापून येते. मंत्री बदलला, सचिवाची बदली झाली, तरी तो कागद राहतो. निर्णय पटला नाही तर 45 दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाता येते. दालनातल्या ‘बघूया’वर अपील कुठे करणार? अट एवढीच की आकडे लागतात. ‘उद्योगाला प्रोत्साहन द्यावे’ या वाक्यावर आयोग काही करू शकत नाही.

गोवा चेंबर ही व्यापार-उद्योगांची संघटना 1908 पासूनची आहे, तिच्या पत्राची दखल घेतली जाते. अडचण सभासदांची. मोठ्या कारखान्यांना स्वस्त दर हवा असतो, तुमचा धंदा दर चढा असला की चालतो. सर्वांना पटेल अशा निवेदनात तुमच्या मुद्द्याला अर्धी ओळ मिळेल.

मोठा प्रकल्प असेल तर या तिन्हींनी भागत नाही. तमनार या उच्चदाब वीजवाहिनीसाठी गोव्यातल्या मोलेचे जंगल तोडायला लोकांनी विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि 2021 मध्ये न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने आधीच्या 220 केव्ही वाहिनीचाच मार्ग वापरा अशी शिफारस केली. परवानग्या होत्या, गाव सोबत नव्हता.

तुमच्याकडे या कामाला एकच माणूस मोकळा असेल, तर त्याला आधी आयोगाच्या नोटिसांवर लक्ष ठेवायला बसवा. पर्वरीची वेळ अर्थसंकल्पाच्या काही महिने आधी मागा, आणि आयोगाला दिलेलेच आकडे तिथेही न्या.