साथरोगशास्त्राचा पायाभूत ऑनलाइन कोर्स : लाइन लिस्टसाठी जरूर घ्या, आर-नॉटचा धडा मात्र जपून

मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे आणि संसर्ग-नियंत्रणाचं कामही माझ्याकडेच असतं. गोवराचं पुरळ किती दिवसांनी उठतं, कांजिण्यांच्या मुलाला कधीपर्यंत वेगळं ठेवायचं, ही उत्तरं आम्हाला पाठ असतात. ती उत्तरं मुळात कुणी आणि कशी काढली, साथ समोर असताना त्यांच्यावरून मागचा माग कसा काढायचा, हे शिकायचं होतं म्हणून हा कोर्स घेतला. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, प्रत्येक धड्यानंतर गणितं आणि शेवटी परीक्षा, असं त्याचं स्वरूप आहे. मला तो आवडला. एका धड्याबद्दल मात्र गंभीर तक्रार आहे.

सुरुवातीचे धडे भराभर संपवता येतात. रोगकारक, यजमान आणि पर्यावरण यांचा त्रिकोण, मग जंतू कुठे राहतो, कुठून बाहेर पडतो, कसा पसरतो आणि दुसऱ्याच्या शरीरात कुठून शिरतो ती साखळी. नर्सिंग केलेल्यांना यात नवं काही नाही. निरोगी वाहकाचा, म्हणजे स्वतः आजारी न दिसता जंतू पसरवणाऱ्या माणसाचा, भाग तेवढा सोडू नका. न्यूयॉर्कच्या मेरी मॅलनची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. इथे भर आहे तो तपासावर. टायफॉइडची लक्षणं नसलेल्या या स्वयंपाकिणीपर्यंत साथीचा तपास करणारा जॉर्ज सोपर १९०७ साली पोचला कसा? एका घरातल्या साथीवरून त्याने तिच्या आधीच्या नोकऱ्यांची यादी काढली, आणि त्यातल्या बहुतेक घरांत ती कामाला असताना टायफॉइड आलेला होता.

कोर्सचा जीव आहे तो काळाच्या धड्यात. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १८४६ साली गोवराची साथ आली. त्याआधी तिथे गोवर आला होता तो १७८१ मध्ये, मधली पासष्ट वर्षं काहीच नाही. सुमारे ७,८०० वस्तीतली ६,००० च्या आसपास माणसं आजारी पडली. पीटर पानम हा पंचविशीतला डॅनिश डॉक्टर गावोगाव फिरला आणि कोण कुणाला कोणत्या तारखेला भेटलं, पुरळ कधी उठलं, हे लिहीत गेला. त्या तारखांवरून त्याने ठरवलं की संपर्कापासून पुरळापर्यंत तेरा-चौदा दिवस जातात. १७८१ मध्ये गोवर होऊन गेलेली म्हातारी माणसं पुन्हा आजारी पडली नाहीत, पण तेव्हा सुटलेल्या म्हाताऱ्यांना आता तो झाला, हेही त्याने टिपलं. विषाणू नावाची गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती तेव्हाचं हे काम आहे. तपासण्या नसतील तेव्हा काय करायचं, असं विचारणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला मी हे व्याख्यान दाखवणार आहे.

त्यानंतर कोर्स एक काल्पनिक लाइन लिस्ट, म्हणजे एकेका रुग्णाची माहिती एकेका ओळीत असलेली यादी, हातात देतो आणि एपिकर्व्ह, म्हणजे कोणत्या दिवशी किती जण आजारी पडले त्याचा आलेख, स्वतः काढायला लावतो. एकाच दूषित जेवणातून झालेली साथ झपकन वर जाते आणि सगळे रुग्ण एका अधिशयन काळाच्या (संसर्गापासून लक्षणांपर्यंतच्या काळाच्या) पल्ल्यात बसतात. माणसाकडून माणसाकडे जाणारी साथ लाटांनी येते. मग उलटं मोजायचं. हिपॅटायटिस ए चा अधिशयन काळ १५ ते ५० दिवस. पहिल्या रुग्णापासून १५ दिवस मागे, शेवटच्यापासून ५० दिवस मागे, आणि संसर्ग कधी झाला तो काळ हाती लागतो. हे तीन वेळा ऐकून कळत नाही, एकदा कागदावर काढलं की पक्कं बसतं. गोवराचं मूल पुरळाच्या चार दिवस आधीपासून संसर्ग पसरवतं, म्हणून संपर्कांची यादी दाखल झाल्याच्या तारखेपासून करणं का पुरत नाही, हे मी आता आकृती काढून समजावते.

भाजकावरचा धडाही उत्तम आहे. सेकंडरी अटॅक रेट, म्हणजे पहिल्या रुग्णाच्या संपर्कातल्यांपैकी किती जण आजारी पडले तो दर, काढताना पहिला रुग्ण आणि आधीच प्रतिकारशक्ती असलेले लोक खालच्या आकड्यातून वगळायचे, नाहीतर दर खोटा कमी दिसतो. त्यातलं एक गणित सांगतेच, कारण पालक मला हा प्रश्न नेहमी विचारतात. हजार मुलांत ९०० जणांनी लस घेतली आहे. न घेतलेल्या १०० पैकी ९० आजारी पडली, घेतलेल्यांतलीही ९०. म्हणजे निम्मे रुग्ण लस घेतलेले! पण दर बघा : एकीकडे ९० टक्के, दुसरीकडे १०. ९० मधून १० वजा करून ९० ने भागलं की लसीची परिणामकारकता ८९ टक्के निघते. नुसती रुग्णांची संख्या सांगणाऱ्या बातमीला काय विचारायचं, ते यातून कळतं.

आता तक्रार. आर-नॉटचा, म्हणजे कुणालाच प्रतिकारशक्ती नसताना एक रुग्ण सरासरी किती जणांना संसर्ग देतो त्या आकड्याचा, धडा घाईत उरकलाय. गोवराचा आर-नॉट १२ ते १८, १ − (१ ÷ आर-नॉट), म्हणून साथ थांबायला ९२ ते ९४ टक्के लोक सुरक्षित हवेत, संपलं. हा आकडा जणू विषाणूच्या अंगावर छापलेला असल्यासारखा शिकवला आहे. माणसं किती दाटीने राहतात, किती जणांना भेटतात, यावरही तो ठरतो. शिवाय सुरक्षित असणं आणि लस घेतलेली असणं यांत फरक आहे. गोवराच्या एका डोसाची परिणामकारकता सुमारे ९३ टक्के, दोन डोसांची ९७. म्हणजे शंभर टक्के मुलांना एकच डोस दिला तरी आपण जेमतेम काठावर. दुसऱ्या डोसाचं कारण इतक्या सोप्या हिशेबात सांगता आलं असतं आणि ते सांगितलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. लस न घेतलेली मुलं एकाच वस्तीत किंवा शाळेत असतील तर सरासरी लसीकरण ९५ टक्के असूनही तिथे साथ भडकते, याचाही उल्लेख नाही. हा धडा बघाल तेव्हा या तीन गोष्टी वहीत वेगळ्या लिहून ठेवा.

शेवटची परीक्षा बहुतांशी व्याख्यांवर आहे, त्यामुळे गणितं टाळूनही प्रमाणपत्र मिळतं. तसं करू नका. आरोग्यसेविका, लॅबमधली माणसं, आरोग्यावर लिहिणारे पत्रकार, सगळ्यांना जमण्यासारखी ती आहेत, त्रैराशिकापलीकडचं गणित लागत नाही. फक्त उत्तरांच्या यादीत शेवटचा आकडा तेवढा दिलाय, पायऱ्या नाहीत, म्हणून शक्यतो कुणाला तरी सोबत घेऊन सोडवा.