वेस्टमिन्स्टरची लेखी प्रश्नोत्तरे: शोधायला सोपी, पाठपुराव्यात कच्ची

ब्रिटिश संसदेच्या संकेतस्थळावरील लेखी प्रश्नोत्तरांचा विभाग ही रुक्ष वाटणारी सेवा आहे. पण इंग्लंडमध्ये शिक्षण किंवा बालसंगोपन यांच्याशी ज्यांचा संबंध येतो, त्यांनी ती नीट हाताळून पाहावी, असे माझे मत आहे. मी ती मुख्यतः दोन विषयांसाठी वापरतो. पहिला विषय म्हणजे कौन्सिलांकडील (स्थानिक स्वराज्य संस्थांकडील) शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांची टंचाई आणि दुसरा, कौन्सिलच्या संगोपनात वाढून अठराव्या वर्षी स्वतःच्या पायावर उभे राहावे लागणारे तरुण, ज्यांना इथे ‘केअर लीव्हर’ म्हणतात. विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या आपल्या मुलासाठी अर्ज करून कौन्सिलच्या पत्राची वाट पाहत बसलेल्या इथल्या मराठी पालकांना पहिला विषय नवा नाही. दुसऱ्याकडे आपल्या मंडळींचे सहसा लक्ष जात नाही.

सेवेची मांडणी उत्तम आहे. शुल्क नाही, नोंदणी नाही. शब्द, तारीख, खाते आणि सभागृह यांनुसार प्रश्न गाळून घेता येतात. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक असतो. तो कोणी विचारला, कधी दाखल झाला आणि कोणत्या मंत्र्याने त्याला कधी उत्तर दिले, हे एकाच पानावर दिसते. मंत्र्याने आधी नुसती पोच देऊन उत्तर लांबवले असेल किंवा दिलेले उत्तर मागाहून दुरुस्त केले असेल, तर तेही तिथेच नोंदलेले असते, आणि या सेवेतली मला सर्वांत भावलेली गोष्ट हीच. कॉमन्समध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, साध्या प्रश्नाला आठवडाभरात उत्तर मिळावे असा संकेत आहे. ठरावीक दिवशी उत्तर मागणारे प्रश्न मात्र एका खासदाराला दिवसाला पाचच टाकता येतात. आपल्या विधिमंडळातील ‘अंशतः खरे आहे’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ या ठेवणीतल्या उत्तरांची ज्यांना सवय आहे, त्यांना इथली सौजन्यपूर्ण भाषा सुरुवातीला सुखद वाटेल. पाच-सहा उत्तरे वाचून होईपर्यंत ते सुख ओसरते.

मानसशास्त्रज्ञांविषयीचे प्रश्न एकापाठोपाठ एक वाचले की उत्तराचा साचा लक्षात येतो. खासदार विचारतो आपल्या मतदारसंघातील मुलांना किती थांबावे लागते ते, आणि शिक्षण खाते सांगते प्रशिक्षणावरचा देशभराचा खर्च: २०२३ मध्ये प्रशिक्षण सुरू केलेल्या २०० हून अधिक जणांसाठी १ कोटी पौंड आणि २०२४ पासून आणखी ४०० जणांसाठी २ कोटी १० लाख पौंड. आकडे खरे आहेत, पण विचारले होते ते हे नव्हे. शिवाय हे प्रशिक्षण म्हणजे तीन वर्षांची डॉक्टरेट. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हे विद्यार्थी कौन्सिलांकडे उमेदवारी करतात हे मान्य केले, तरी २०२४ च्या सप्टेंबरात दाखल झालेला विद्यार्थी पूर्ण पात्र होतो तो २०२७ मध्ये. इकडे कायद्यानुसार मुलाचा शिक्षण, आरोग्य आणि संगोपन आराखडा, म्हणजे त्याला कोणती मदत मिळणार हे ठरवणारा दस्तऐवज, अर्जापासून २० आठवड्यांत हातात पडला पाहिजे, आणि त्यासाठी शैक्षणिक मानसशास्त्रज्ञाचा अभिप्राय सक्तीचा असून तो ६ आठवड्यांत यायला हवा. २०२३ मध्ये जेमतेम निम्मे आराखडे मुदतीत निघाले. २०२४ मध्ये ते प्रमाण आणखी घसरून सुमारे ४६ टक्क्यांवर आले. माणसेच नसतील तर अभिप्राय लिहिणार कोण, हा साधा प्रश्न या उत्तरांच्या ढिगाऱ्यात शब्दशः कुठेच भेटत नाही, आणि मंत्र्यांना तो भेटावा अशी घाईही दिसत नाही.

केअर लीव्हरविषयीची उत्तरे त्या मानाने भरीव आहेत, कारण इथे कायद्याने हक्क मोजून दिलेले आहेत. २०१७ च्या बाल व समाजकार्य कायद्यामुळे प्रत्येक केअर लीव्हरला मागेल तर पंचविसाव्या वर्षापर्यंत पर्सनल ॲडव्हायझरची, म्हणजे कौन्सिलने नेमलेल्या सल्लागाराची, मदत मिळते आणि कौन्सिलला आपण काय काय देतो ते जाहीर करावे लागते. घर मांडण्यासाठीचा भत्ता २०२३ मध्ये २,००० वरून ३,००० पौंड झाला. उच्च शिक्षणासाठी कौन्सिलकडून २,००० पौंड मिळतात. हे सगळे उत्तरांत व्यवस्थित सापडते. त्याच खात्याच्या २०२४ च्या आकडेवारीनुसार १९ ते २१ वयोगटातील ३९ टक्के केअर लीव्हर शिक्षणातही नव्हते, नोकरीतही नव्हते आणि प्रशिक्षणातही नव्हते, हे मात्र बहुधा खासदारालाच प्रश्नात घालून विचारावे लागते.

माझी खरी तक्रार पुढची आहे. संगोपनात असलेल्या शाळकरी मुलांपैकी साधारण ३० टक्के मुलांकडे वर सांगितलेला आराखडा असतो. हा आराखडा पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकतो, पर्सनल ॲडव्हायझरही तोपर्यंतच असतो, दोन्हींची जबाबदारी कौन्सिलांवरच आणि दोन्हींची उत्तरे देणारे खातेही एकच. तरीही संसदेच्या नोंदीत हे दोन विषय शेजारी राहून एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या भाऊबंदांसारखे वागतात. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर किती तरुणांचा आराखडा बंद झाला आणि किती जण फेरमूल्यांकनासाठी मानसशास्त्रज्ञाच्या प्रतीक्षेत आहेत, असा जोडून प्रश्न विचारणाऱ्याला दोन बिनतोड सबबींना तोंड द्यावे लागते: ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही, किंवा ती गोळा करण्याचा खर्च अवाजवी आहे. या दुसऱ्या सबबीची मर्यादा ८५० पौंड आहे. त्याहून अधिक खर्च येणार असेल तर खाते उत्तर नाकारू शकते. दीडशेहून अधिक कौन्सिलांकडून आकडे मागवायचे म्हटले, तर एवढी रक्कम पत्रव्यवहारातच संपेल.

म्हणून केवळ या सेवेवर विसंबणे शहाणपणाचे नाही. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा विशेष शैक्षणिक गरजांवरील ऑक्टोबर २०२४ चा अहवाल आणि त्यानंतर लोकलेखा समितीने जानेवारी २०२५ मध्ये दिलेला अहवाल वाचल्यावरच पैसा किती ओतला आणि मुलाच्या पदरात काय पडले, याचा मेळ लागतो. समित्यांपुढे अधिकाऱ्यांना समोर बसून उलटप्रश्नांना तोंड द्यावे लागते. लेखी उत्तरावर उलटप्रश्न विचारायचा तर खासदाराला नवा प्रश्न दाखल करावा लागतो आणि तो दाखल झाला की नाही, हे सेवा आपणहून कळवत नाही. ती उणीव ‘देवर्कफॉरयू’ हे स्वतंत्र संकेतस्थळ भरून काढते. तिथे शब्द देऊन ठेवला की संसदेत तो आल्यावर ईमेल येतो. निवडणुकीसाठी संसद विसर्जित झाली की अनुत्तरित प्रश्न आपोआप निकालात निघतात, हेही लक्षात असू द्यावे. २०२४ च्या मे अखेरीस तेच झाले.

वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: शोधताना ‘मानसशास्त्रज्ञ’ आणि ‘मानसशास्त्र’ यांचे इंग्रजी शब्द वेगवेगळे टाकावेत, कारण निकाल वेगळे येतात. आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला लिहायचे असेल, तर आधीच्या उत्तराचा क्रमांक द्यावा आणि ‘केंद्रीय पातळीवर माहिती नाही’ असे सांगण्याला जागा उरणार नाही असा प्रश्न सुचवावा: ही माहिती गोळा करण्याचा खात्याचा विचार आहे काय, आणि असल्यास कधीपासून.