चेनसॉला लोकल सिलेंडर कीट आणि कार्बोरेटर बसवून काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव (इंजिन जाम झालं)

ज्यांनी ऑनलाईन स्वस्तातलं सिलेंडर-पिस्टन कीट कार्टमध्ये टाकून ठेवलंय त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण मी घेतलं तेव्हा मराठीत असं काही सापडलं नव्हतं, सगळीकडे दोन दिवस वापरून पाच स्टार दिलेले. माझं कीट गणपतीनंतर बसवलं आणि शिमग्याच्या आधी इंजिन जाम झालं. मधल्या काळात मशीन छान चालत होतं, हे आधीच सांगतो.

मशीन ४५ सीसीचं, चांगल्या कंपनीचं, तौक्ते वादळानंतर घेतलेलं. १६ मे २०२१ ला ते वादळ आमच्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं आणि रस्त्यावर, कौलांवर, लाईटच्या तारांवर झाडंच झाडं, त्यानंतर आमच्या भागात बऱ्याच घरांत कटर (म्हणजे चेनसॉ) आला. माझ्याकडे काम म्हणजे अकेशिया तोडणं, काजूच्या वाळलेल्या फांद्या, घरचा लाकूडफाटा आणि पावसात शेजारपाजारी कुणाचं झाड पडलं की ते. ऑइलच्या बाबतीत मी पहिल्यापासून कडक आहे, एक लिटर पेट्रोलला कंपनीचं २० एमएल, सिरिंजने मोजून, अंदाजाने कधीच नाही.

गेल्या वर्षी मशीन गरम झालं की परत स्टार्ट व्हायला त्रास द्यायला लागलं. कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये पिस्टन किती दाब तयार करतो ते) बघितलं तर ९५ पीएसआयच्या आसपास, चांगल्या मशीनला १४०-१५० तरी पाहिजे. शोरूमवाल्याने सांगितलं पूर्ण सिलेंडर कीटच घालावं लागेल आणि जो आकडा सांगितला त्यात अजून थोडे घातले की साधं नवीन मशीन आलं असतं. म्हणून ऑनलाईन सेट मागवला, सिलेंडर, पिस्टन, रिंगा, कार्बोरेटर, पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटर-सिलेंडरच्या मधलं रबरी बूट, सगळं मिळून ओरिजिनल कीटच्या पाव किमतीत.

बसवायचं काम आमच्या इथल्या मेकॅनिकने केलं, माणूस खरंच जाणकार आहे. डबा उघडल्याबरोबर त्याने पिस्टन पिनच्या दोन सर्कलिप (पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या क्लिपा) बाजूला काढल्या आणि जुन्या मापाच्या ओरिजिनल आणायला लावल्या, कारण ही क्लिप चालू इंजिनात सुटली तर सिलेंडर एका मिनिटात खरवडून निघतो. मग पोर्टच्या (सिलेंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडांवरून बोट फिरवायला सांगितलं. ओरिजिनल सिलेंडरमध्ये एक्झॉस्ट पोर्टची कड आतून किंचित गोलसर घासलेली असते म्हणजे रिंग तिथून सरकताना अडकत नाही, ह्याच्यात कड धारदार, बोटाला लागेल अशी. त्याने बारीक पेपरने ती मोडली. ह्या मशीनची रचनाही अशी आहे की वर सिलेंडर, खाली पॅन (तळाचं झाकण) आणि मधे क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा), बेअरिंग आणि सील दोघांच्या मधे दाबून बसतात, गॅस्केट नाहीच, नुसतं सीलंट, त्यामुळे तिथे घाई केली की हवा आत घुसलीच. ते त्याने एक रात्र सुकायला ठेवलं. हे सगळं सांगायचं कारण, फिटिंग नीट झालं नसेल अशी पहिली शंका येते, ती इथे लागू नाही.

सुरुवातीला कॉम्प्रेशन १३५ आलं, दुसऱ्या झटक्याला स्टार्ट. दिवाळीपर्यंत काही तक्रार नाही, जाडे ओंडके पण कापले.

थंडीत बदल जाणवायला लागला. आयडलला आवाज एकसारखा राहीना, वर-खाली व्हायचा, कधी कधी चेन आपोआप फिरायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं लक्षण, फुल रेस करून बोट सोडलं की आवाज झटकन खाली यायला पाहिजे, तो रेंगाळत रेंगाळत उतरायचा. तुमच्या मशीनला असं होत असेल तर त्याच क्षणी बंद करा. इंजिन कुठून तरी जास्तीची हवा ओढतंय, म्हणजे मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालंय. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी आणि थंडावाही कमी, आणि मशीनला मात्र तेवढ्या वेळापुरती ताकद वाढल्यासारखी वाटते, त्यामुळे माणूस फसतो. प्लग काढला तर पांढरा फटक. कॉफीसारखा तपकिरी पाहिजे तो.

मेकॅनिकने कार्बोरेटरवरचा एचचा स्क्रू थोडा खोलून दिला, म्हणजे फुल रेसला पेट्रोल जास्त. ट्यूनिंग कानाने करतात, लाकडाबाहेर फुल रेसला आवाज किंचित फाटका, बडबडल्यासारखा यायला हवा आणि लाकडात घातल्यावर तो साफ व्हायला हवा. तसा करून दिला, बूटची तपासणी करायला मशीन सोडून जा म्हणाला, ते पुढच्या आठवड्यात ठरलं. तोपर्यंत आठवडाभर बरं चाललं. मग ते पण बिघडलं, आणि पडलेल्या फणसाचा बुंधा कापताना चालू मशीन आवाज बारीक करत करत बंद पडलं. दोरी ओढली तर जड, अर्ध्यातच अडकली.

सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारला (हे कुणालाही घरी करता येतं, नट काढले की झालं, सिलेंडर उघडायची गरज नाही). पिस्टनवर उभ्या चरा, ॲल्युमिनियम घासून सिलेंडरच्या भिंतीला चिकटलेलं, रिंग खाचेत घट्ट बसलेली. मेकॅनिक बघून म्हणाला, "ऑइल कमी पडला आसता तर सगळीकडसून घासलो आसतो, ह्यो एकाच बाजून घासलोहा." चरा फक्त एक्झॉस्टच्या बाजूला होत्या, म्हणजे उष्णता आणि लीन. धूळ आत गेली असती तर त्या कार्बोरेटरच्या बाजूला दिसल्या असत्या.

आता हवा कुठून येत होती ते त्याने जसं शोधलं ते बघण्यासारखं होतं. एक्झॉस्टला आणि कार्बोरेटरच्या जागी बूटच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून दोन्ही भोकं बंद केली, इम्पल्सच्या नळीला (क्रँकच्या बाजूचा दाब कार्बोरेटरपर्यंत नेणारी) बीपी मोजायच्या यंत्राचा फुगा जोडला, हवा भरली आणि साबणाचं पाणी लावत गेला. क्रँकच्या दोन्ही सीलना काही नाही, सीलंटच्या रेषेला काही नाही. बूटच्या मानेला, क्लॅम्पच्या अगदी कडेला बुडबुडे. बूट काढून वाकवल्यावर केसाएवढी चीर उघडली, आणि रबर बोटाने दाबलं तर मऊ, चिकट, फुगलेलं. नळीचंही तेच. मुळात सिलेंडर गेला तो ह्या दीडशे रुपयांच्या रबरामुळे.

इथे पेट्रोलचा विषय काढावाच लागेल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि माझ्या मशीनच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलंय. इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असतो त्यामुळे त्याच सेटिंगला मिक्श्चर आणखी लीन होतं, ते पाणी ओढून घेतं, आणि हलक्या रबराला फुगवतं. ओरिजिनल बूट त्याच पेट्रोलवर आधी टिकलं होतं, हे नाही टिकलं, हा फरक आहे. मी आता टाकी रिकामी करून, आयडलला बंद पडेपर्यंत चालवूनच मशीन ठेवतो आणि मिक्स केलेलं पेट्रोल दोन-तीन आठवड्यांच्या वर वापरत नाही.

काही मेकॅनिक चिकटलेलं ॲल्युमिनियम ॲसिडने काढून सिलेंडर परत वापरतात. खालचं कोटिंग शाबूत असेल तर ते जमतं. माझ्या नवीन सिलेंडरचं कोटिंग एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेला पापुद्र्यासारखं सुटलेलं होतं, नख लावलं तर निघत होतं. काही महिन्यांत! म्हणजे बूट चांगलं असतं तरी हा सिलेंडर फार दिवस काढणार नव्हता असं माझं स्पष्ट मत.

आणि सगळ्यात राग आला तो पुढे. जुना ओरिजिनल सिलेंडर मी घरी ठेवला होता, तो मेकॅनिकला दाखवला. त्याने कापडाने पुसून उजेडात धरला, होनिंगच्या (सिलेंडर बनवताना आतून घासल्याच्या) तिरक्या रेषा अजून दिसत होत्या, कोटिंग सगळीकडे एकसारखं. झिजला होता फक्त पिस्टन आणि रिंगा. म्हणजे पहिल्याच वेळी नुसता साडेबेचाळीस एमएमचा ओरिजिनल पिस्टन रिंगांसकट घातला असता तरी काम झालं असतं, आणि शोरूममध्ये सिलेंडर उघडूनही न बघता पूर्ण कीट सांगितलं होतं. सामान्य माणसाने विश्वास ठेवायचा कुणावर? तुम्हाला कुणी पूर्ण कीट सांगितलं तर आधी उघडून दाखवा म्हणा, समोर उभे राहून बघा.

आता जुना सिलेंडर, ओरिजिनल पिस्टन, ओरिजिनल बूट आणि नळी, जुनाच कार्बोरेटर डायफ्रामचा (आतल्या पातळ पडद्यांचा) सेट बदलून, असं बसवलंय. कॉम्प्रेशन १५० च्या जवळ, बोट सोडलं की आवाज लगेच खाली येतो. लोकल सगळंच वाईट असं मी म्हणणार नाही, चेन, बार, स्टार्टरची दोरी, हँडल हे मी अजून बाहेरचंच वापरतो, काही अडत नाही. पण बूट, नळी, सील, सर्कलिप ह्या चार गोष्टी स्वस्तातल्या घेऊ नका, आणि कीटसोबत आलेला कार्बोरेटर ट्यून केल्याशिवाय लाकडाला लावू नका. ज्यांनी आधीच कीट बसवलंय त्यांनी एवढं करा, बूट काढून हाताने वाकवून बघा आणि प्लगचा रंग बघा, पंधरा मिनिटांचं काम आहे.

क्रँकचे सील अजून पहिलेच आहेत, ते पावसाआधी बदलून घेणार आहे. पावसाळाभर पडलेली झाडं कापून झाली की कॉम्प्रेशन परत मोजून इथेच खाली लिहीन.