सेशनच्या फायली सोडून रेडिस: आठ महिन्यांनंतर

एका पतसंस्थेचं पीएचपी भाषेतलं अ‍ॅप मी उबंटूच्या (लिनक्सचा एक प्रकार) छोट्या सर्व्हरवर सांभाळतो. सेशन, म्हणजे पानं वापरणाऱ्याची लॉगिनसारखी तात्पुरती माहिती, तिथे आधी फायलींत असायची. आठ महिन्यांपूर्वी ती रेडिसमध्ये, म्हणजे मेमरीत माहिती ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये, हलवली. सुरुवात त्याआधीची. एका सोमवारी काउंटरवरून फोन: "दादा, लॉगिनच होत नाहीये." लॉगमध्ये तक्रार डिस्कवर जागा नसल्याची, आणि डिस्क तर निम्मी मोकळी! 'डीएफ -आय' मारलं तेव्हा उलगडा झाला. आयनोड (प्रत्येक फाइलमागे डिस्कवर लागणारी एकेक नोंद) संपले होते. सेशनच्या फोल्डरात लाखो बारक्या फायली. 'आरएम *' नं उडवायला गेलो तर यादी फार लांब म्हणून नकार, शेवटी 'फाइंड'ला 'डिलीट' जोडून साफ केलं.

मूळ भानगड जेवणाच्या सुट्टीची. सेशनची मुदत पीएचपीत मुळात 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटं. डबा खाऊन येईपर्यंत अर्धवट भरलेला फॉर्म गायब. म्हणून मी कोडमध्येच चार तास केले. फरक शून्य! कारण उबंटूत पीएचपी स्वतः जुन्या सेशनचा कचरा काढतच नाही, सफाई सुरू होण्याची शक्यता शून्यावर ठेवलेली असते. दर अर्ध्या तासाला एक टायमर येतो, पीएचपी.आयएनआय ही सेटिंगची फाइल वाचतो आणि त्यातल्या 24 मिनिटांप्रमाणे झाडू मारतो. माझे चार तास त्याच्या गावीही नव्हते. मग मी शहाणपणा करून फोल्डरच वेगळा केला. फॉर्म वाचले, पण तिथे झाडू मारायला कोणीच येईना. त्यात जाहीर पानांवरही सेशन सुरू होत होतं, त्यामुळे कुकी (ब्राउझरमधली ओळखचिठ्ठी) न ठेवणारा प्रत्येक बॉट, म्हणजे पानं चाळणारा प्रोग्राम, दर भेटीला नवी फाइल टाकून जायचा.

रेडिसवर हा प्रश्न मिटला. प्रत्येक सेशनला स्वतःची मुदत असते, 'टीटीएल' विचारलं की उरलेले सेकंद समोर. आठ महिन्यांत हातानं एकदाही सफाई केलेली नाही. जाहीर पानांवरचं सेशनही काढून टाकलं, ते खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

त्रास झाला तो कुलपाचा. फायलींवर पीएचपी आपोआप लॉक लावतं, म्हणजे एका वेळी एकच विनंती ते सेशन वापरू शकते; पीएचपीला रेडिसशी जोडणाऱ्या एक्स्टेंशनमध्ये ते मुळात बंद असतं. एकाच पानावरून दोन एजॅक्स (पान न बदलता मागे जाणाऱ्या) विनंत्या सुटल्या की मागून संपणारी आधीचीचं लिहिलेलं पुसायची. पावती मध्येच कोरी दिसायची, आणि माझ्या मशीनवर मात्र कधीच नाही. दोन आठवडे गेले त्यात. लॉकिंग चालू केलं, आणि काम झालं की सेशन लगेच बंद करायची सवय लावून घेतली. कॅशेसाठी (पुन्हा पुन्हा लागणारी, पण गेली तरी चालणारी माहिती) वेगळा रेडिस ठेवलाय, नाहीतर मेमरी भरल्यावर कॅशेबरोबर लोकांची लॉगिनंही जातील.

एक गोष्ट मात्र रेडिसच्या हातात नाही. शिल्लक दाखवणारं पान दर मिनिटाला सर्व्हरला विचारतं, आणि दर वेळी मुदत पुन्हा पूर्ण चार तास होते. म्हणजे मशीन चालू ठेवून घरी गेलेल्याचं लॉगिन सकाळीही जिवंत! म्हणून आता लॉगिनची वेळ सेशनमध्येच लिहितो आणि नऊ तास झाले की कोडच बाहेर काढतो. काउंटरवरच्या काकू अजून विचारतात, "संध्याकाळी हिशोब लांबला की हे मला का हाकलतं?"