पहिल्या वाचनासाठी स्टोरीवीव्हरवरील मराठी चित्रगोष्टी

आमच्या फोंड्याच्या बाजारात अंकलिपी, बाराखडीचे तक्ते आणि जाड पुठ्ठ्यांची फळाफुलांची पुस्तके सहज मिळतात. मात्र अक्षरओळख झालेल्या मुलाने स्वतः वाचावी अशी, पानावर एखाद-दुसरेच वाक्य असलेली मराठी गोष्ट शोधावी लागते. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळाने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली आहे. तेथील गोष्टी खुल्या परवान्याखाली असल्यामुळे त्या विनामूल्य वाचता येतात आणि छापूनही घेता येतात.

गोष्टींचे चार स्तर केलेले असून पहिल्या स्तरावर सोपे, पुन्हा पुन्हा येणारे शब्द आणि २५०पेक्षा कमी शब्दसंख्या अपेक्षित असते. मराठीपुरते बोलायचे तर एवढ्याने भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी छापली जाते व्यंजनाच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, त्याच्या आधी तो म्हणावा लागतो. त्यामुळे ‘वर्ग’ हा दोन अक्षरी शब्द नवशिक्याला ‘बागेतला’ या लांब शब्दापेक्षा जास्त वेळ अडवून धरतो. स्तराचा आकडा पाहून गोष्ट निवडण्याऐवजी पालकांनी ती आधी स्वतः वाचावी आणि पहिले काही आठवडे जोडाक्षरे विरळ असलेल्याच गोष्टी मुलापुढे ठेवाव्यात.

चित्रांविषयी मात्र माझी तक्रार नाही. शेळीचे चित्र पाहून आमची मुलगी बेधडक ‘बकरी’ म्हणाली, मग खालच्या ‘शे’वर बोट ठेवून थबकली आणि शब्द तिने आपणच दुरुस्त केला. चित्राने अंदाज द्यावा आणि अक्षराने तो तपासावा, हे वाचनाचे मर्म तक्त्यावरून शिकवता येत नाही. घरात कोकणी आणि शाळेत मराठी असलेल्या आपल्याकडच्या मुलांना तर चित्राचा हा आधार अधिकच लागतो. (कोकणी गोष्टीही तेथे आहेत आणि लिपी देवनागरीच असल्याने त्याही वाचून घ्याव्यात.)

छपाईचे तेवढे पाहावे. रंगीत प्रती महाग पडतात. काळ्या-पांढऱ्या छपाईत गडद चित्रावरचा मजकूर बुडून जातो. म्हणून मजकूर कोऱ्या जागेत असलेल्या गोष्टी छापाव्यात आणि बाकीच्या मोठ्या पडद्यावर, मुलाला शेजारी बसवून वाचाव्यात.