पुन्हा पुन्हा जायला कोल्हापूर की इंदूर?

एकदा बघण्यासाठी शहर निवडणं सोपं असतं. वर्षातून दोन-तीनदा जायचं असेल तर हिशेब बदलतो. तिथे किल्ले आणि वाडे मागे पडतात. सकाळी उठून चालत कुठे जाता येतं, ओळखीच्या ठिकाणी काय खायला मिळतं, ऋतू बदलला की काय नवं निघतं आणि घरातून निघाल्यापासून पहिला घास तोंडात पडेपर्यंत किती वेळ जातो, हे बघावं लागतं. महाराष्ट्रातून निघणाऱ्यासाठी या हिशेबात कोल्हापूर आणि इंदूर ही दोन शहरं अगदी अटीतटीची आहेत. दोन्हीकडे मराठी बोललेलं समजतं, दोन्हीकडे जिभेचे लाड होतात, पण दोघांचं घड्याळ वेगळं आहे. कोल्हापूर पहाटे जागं होतं, तर इंदूर रात्री.

अंतराच्या बाबतीत कोल्हापूर सरळ पुढे आहे. पुण्याहून साधारण २३५ किलोमीटर. सातारा ते कागल रस्त्याच्या सहापदरीकरणामुळे प्रवासाच्या वेळेचा भरवसा देता येत नाही, म्हणून पाच-सहा तास धरून चालावं. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघालं की मिसळीच्या वेळेला कोल्हापुरात. इंदूर मुंबईपासून रस्त्याने पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे गाडी चालवत जाण्यात अर्थ नाही, अवंतिका एक्सप्रेसने रात्रीचा प्रवास करावा. त्यामुळे शनिवार-रविवारच्या जोडसुट्टीत कोल्हापूर आरामात बसतं. इंदूरला निदान तीन रात्री लागतात, कारण पहिल्या दिवशी दमलेला माणूस रात्री दीडपर्यंत सराफ्यातल्या खाऊगल्लीत उभा राहू शकत नाही.

कोल्हापूरची सकाळ गंगावेशीत सुरू होते. दूध कट्ट्यावर म्हशी आणून समोर धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात. जवळच तालमी आहेत, पैलवानांच्या खुराकाशी या दुधाचं जुनं नातं आहे. शहरी पोटाला कच्च्या दुधाची सवय नसते. पहिल्यांदा अर्धाच पेला घ्यावा आणि त्यावर लगेच मिसळ खाऊ नये, नाहीतर उरलेला दिवस खोलीतच जातो. लहान मुलं आणि गरोदर बायका यांनी तर उकळलेलंच दूध घ्यावं.

मिसळ दहाच्या आत खावी. इथे सोबत पाव नसून ब्रेडच्या स्लाइस येतात, आणि कट वेगळा मागितला की तिखट आपल्या हातात राहतं. दुपारी रश्श्याची वेळ. पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ घालून होतो. तो पुन्हा पुन्हा उकळला की नारळाचं दूध फुटतं आणि वर तेलकट तवंग येतो. म्हणून खानावळीत साडेबारा-एकला बसावं, तीनला नको. आधी पांढरा गरम गरम प्यायचा, मग तांबडा भाकरीबरोबर.

कोल्हापूरला परत जाण्याचं सगळ्यात भक्कम कारण मात्र चप्पल आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे येतात. खरी जोडी ओळखायला तळाची कड बघा: चामड्याचे थर दिसले पाहिजेत आणि शिवण चामड्याच्या वादीची हवी. खिळा दिसला किंवा तळ रबराचा असला तर ती कोल्हापुरी फक्त दिसायला. घालून बघताना पट्टा किंचित घट्ट असू द्यावा, कारण चामडं रुंदीत सैल होतं. लांबीत मात्र वाढत नाही. टाच बाहेर लोंबत असेल तर दुकानदार कितीही म्हणाला तरी ती जोडी सोडून द्या. पहिले आठ-दहा दिवस घरातच रोज तासभर वापरावी आणि चपलेच्या अंगठ्याला आतून एरंडेल लावावं, नाहीतर फोड ठरलेला. पावसात घालायची नाही. भिजलीच तर आत कागद कोंबून सावलीत वाळवा, उन्हात चामडं आखडून तडकतं. आणि पुढच्या फेरीला जुनी जोडी पिशवीत घालून न्यावी. वादी बदलणं, तळ जोडणं हे काम ज्याने ती बनवली तोच नीट करतो, आणि एकाच कारागिराकडे परत परत गेलं की त्याला आपल्या पायाचं माप तोंडपाठ होतं.

इंदूरची बाजी रात्रीवर आहे. राजवाड्यामागच्या सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. जेवून जाणं ही पहिली चूक, आल्या आल्या जिलबी घेणं ही दुसरी. गोडाने भूक मरते. आधी खोपरा पॅटिस (बटाट्याच्या पारीत ओल्या नारळाचं सारण), मग भुट्टे का कीस, मग दहीवडा, आणि जलेबा (भली मोठी जिलबी) शेवटी तीन-चार जणांत एक. इथली शिकंजी लिंबाची नसते, आटवलेल्या दुधाची दाट, सुक्यामेव्याची असते. एक पेला दोघांत पुरतो.

कणसाचा कीस दुधात आणि तुपात शिजवतात, त्यामुळे कोवळ्या मक्याच्या दिवसांत तो जितका गोड लागतो तितका उन्हाळ्यात लागत नाही. गराडू तर फक्त थंडीत. हा कंद तुकडे करून एकदा तळतात, मागितल्यावर पुन्हा तळून वर जिरावण (इकडचा चटपटा कोरडा मसाला) आणि लिंबू. दुसऱ्या तळणीतून काढल्यावर दोन-तीन मिनिटांत खायला हवा, गार झाला की चिवट होतो. म्हणून इंदूरची फेरी डिसेंबर-जानेवारीत ठेवावी.

सकाळचे पोहे आपल्या ओळखीचे असूनही वेगळे. कढईत परतून गार होऊ देत नाहीत, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेवर धरतात, म्हणून दहाला गेलात तरी मऊ मिळतात. वर शेव, कांदा, जिरावण, बाजूला जिलबी. साबुदाणा खिचडीही वाफेवरचीच, आणि त्यात फराळी मिक्स्चर कालवून देतात. आपल्याकडच्या तुपात परतलेल्या खिचडीची सवय असेल तर पहिला घास परका वाटतो, चौथ्यापासून तीच हवीशी वाटते. छप्पन दुकान हा पलासियातला खाण्याचा रस्ता टापटीप आहे, बसायला जागा आहे. वयस्कर मंडळी सोबत असतील तर सराफ्यातल्या गर्दीपेक्षा तोच बरा.

चालण्याच्या बाबतीत दोन्ही शहरांचा जुना भाग सोयीचा आहे. कोल्हापुरात अंबाबाई, भवानी मंडप, खासबाग मैदान आणि रंकाळा पायी होतात. इंदुरात राजवाडा, कृष्णपुरा छत्री, काचमंदिर आणि सराफा. राजवाड्याचे सात मजले आहेत, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी. सकाळच्या उन्हात समोर उभं राहून बघण्यासारखे. शहराबाहेरच्या फेरीत इंदूर जिंकतं. महेश्वर तिथून नव्वद-पंचाण्णव किलोमीटर, घाटावर नर्मदा, अहिल्याबाईंचा वाडा आणि मागांवर विणली जाणारी साडी.

वेळ चुकली तर दोन्ही शहरं मनस्ताप देतात. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरला निघण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात महामार्गही बंद झाला होता. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव साधायचा असेल तर ९ ते ११ नोव्हेंबर किंवा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत आणि पुढे वर चढत जातात, पण ढग, धुरकं किंवा वाटेतली बांधकामं आडवी आली तर गाभाऱ्याआधीच थांबतात. म्हणून एका दिवसाच्या भरवशावर जाऊ नये, तिन्ही संध्याकाळ हाताशी ठेवाव्यात.

पुणे, सातारा, सांगलीच्या बाजूला राहणाऱ्याने कोल्हापूर धरावं, वर्षात तीन फेऱ्या सहज होतात. रात्री जागणारी, मांसाहार न करणारी आणि सलग चार दिवस रजा मिळणारी मंडळी असतील तर थंडीतलं इंदूर जास्त देतं. वार निवडताना शुक्रवारी अंबाबाईची आणि शनिवारी रात्री सराफ्याची गर्दी टाळा. मधल्या वारी कोल्हापुरातल्या चप्पल कारागिराला बोलायला वेळ असतो आणि इंदुरात गराडू तळून निघेपर्यंत गाडीपाशी उभं राहायला जागा मिळते.