विमान शिकताना विमान लागतं: गोळी, खुर्चीचा सराव की नुसती सवय?

पहिल्या काही सॉर्टींत (शिकण्याच्या उड्डाणांत) पोट ढवळलं म्हणून कोणी वैमानिक व्हायला नालायक ठरत नाही. वळणात अंतर्कर्ण सांगतो की शरीर फिरतंय, नजर मात्र समोरच्या स्थिर पॅनेलवर खिळलेली असते. या दोन बातम्या जुळत नाहीत आणि मळमळ सुरू होते. बहुतेकांचा मेंदू याला हळूहळू सरावतो. तोवर निभावायचं कसं, एवढाच प्रश्न असतो.

घरच्यांचा पहिला सल्ला ठरलेला असतो: गोळी घे. सिनारिझिन, प्रोमेथाझिन (म्हणजे ॲव्होमिन), मेक्लिझिन या घाटातल्या एसटीला चालणाऱ्या गोळ्या विमानातही गुण देतात. पण निघण्याआधी तास-दोन तास घेतल्या तरच. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं आणि गिळलेली गोळी तिथेच पडून राहते. उलटीवर सर्रास दिली जाणारी ऑनडान्सेट्रॉन इथे जवळपास निरुपयोगी आहे. खरी अडचण गुंगीची. झोप येते, प्रतिक्रिया मंदावते, आणि ज्याला ती आलेली असते त्याला ती कळतेच असं नाही. म्हणून गोळी घेऊन सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, नाहीच. ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतच्या सॉर्टीलाही डीजीसीएमान्य (डीजीसीए म्हणजे आपली विमान वाहतूक नियामक संस्था) वैद्यकीय परीक्षकाला आधी विचारायचं आणि इन्स्ट्रक्टरला सांगायचं. अमेरिकेच्या एफएएचा (तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेचा) ढोबळ नियम असा: गुंगी आणणारं औषध घेतल्यावर दोन डोसांमधल्या कमाल अंतराच्या पाचपट थांबा. दर 4 ते 6 तासांनी घ्यायचं औषध असेल तर 30 तास. रोज सॉर्टी असेल तर हे गणित बसतच नाही, आणि रोजची सॉर्टी हाच तर खरा इलाज.

सवय स्वस्त पडते, पण ती नीट लावावी लागते. दीड तासाच्या एका सॉर्टीपेक्षा 30–40 मिनिटांच्या दोन मागा, जमल्यास लागोपाठच्या दिवशी. सकाळचा पहिला स्लॉट घ्या. मार्च ते मेमध्ये बारामती किंवा धुळ्याला ऊन चढलं की जमीन तापते, थर्मल (गरम हवेचे झोत) उठतात आणि सेसना 152 सारखं छोटं विमान हिंदकळत राहतं. कंट्रोल्स शक्यतो स्वतःच्या हातात ठेवा. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, त्याचं कारण पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं.

सगळ्यात जास्त घात करते ती मान. 45 अंशांच्या स्टीप टर्नमध्ये (विमान तितकं कलवून घेतलेल्या वळणात) मांडीवरच्या चेकलिस्टकडे वाकलात की कानातल्या तोल सांभाळणाऱ्या दुसऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या ढवळतात आणि विमान कोलांटी खातंय असं वाटतं. वळणात डोकं स्थिर, नजर क्षितिजावर. वाचायचं ते वळणाआधी वाचून घ्या. स्टॉल (पंखांची उचल सुटते त्या स्थितीचा सराव) आणि स्टीप टर्न सॉर्टीच्या शेवटी ठेवायला सांगा.

जांभया, तोंडाला सुटलेलं पाणी, कपाळावर गार घाम, या क्रमाने किंवा कोणत्याही क्रमाने, दिसू लागलं की लगेच बोला. पंख समतल, एअर व्हेंट थेट तोंडावर, पाच-दहा मिनिटं सरळ उड्डाण. तरी नाही बसलं तर परत फिरा. उलटी होईपर्यंत ताणण्यात बहादुरी नाही. तसं दोन-तीनदा झालं की हेडसेट चढवतानाच मळमळायला लागतं, आणि ते सोडवणं फार अवघड जातं. पोट रिकामंही नको आणि वडापावने भरलेलंही नको: दीड-दोन तास आधी दोन इडल्या किंवा केळं पुरे.

या मार्गाचा कच्चा दुवा म्हणजे खंड. पावसाळ्यात उड्डाणं आठवडेच्या आठवडे थांबली की कमावलेली सवय ओसरते.

तिथे खुर्ची कामी येते. सैनिकी वैमानिकांना बॅरनी खुर्चीत, म्हणजे गोल फिरणाऱ्या खास खुर्चीत, फिरवून सरावतात. भारतीय हवाई दलाच्या बेंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेतही असे उपचार होतात. घरी ऑफिसची फिरती खुर्ची चालते. डोळे मिटून बसा, दुसऱ्याने सहा सेकंदांत एक फेरी या गतीने मिनिटभर फिरवावं. हे पचलं की फिरतानाच मान हळू डावीकडे, उजवीकडे, पुढे. पहिली मळमळ जाणवताच थांबा आणि पुढचा तासभर दुचाकी चालवू नका. खुर्ची वळणांसाठी तयार करते, हवेतल्या धक्क्यांसाठी नाही. सिम्युलेटरचं वेगळंच: तिथे पडदा हलतो आणि बूड स्थिर असतं, त्यामुळे तिथेही मळमळू शकतं. प्रोसिजर पाठ करायला मात्र तो उत्तम, म्हणजे हवेत खाली बघणं कमी होतं.

आल्याची वडी आणि मनगटावरचा पट्टा? गुंगी आणत नाहीत, गुण आला तर आला. वडी खिशात ठेवा, भरवसा ठेवू नका.

आठवड्यात तीन-चार सॉर्टी मिळत असतील तर फक्त सवय लावा. महिन्यात दोनच मिळत असतील तर खुर्ची जोडा. गोळी फक्त पहिल्या एक-दोन ड्युअलपुरती, तीही उलटीच्या धास्तीने शिकणंच थांबलं असेल तर. जमिनीवरही गरगरत असेल किंवा कानात आवाज येत असेल तर आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा.

हिवाळ्यात केबिन हीटर चालू असताना मळमळीबरोबर डोकं दुखायला लागलं, तर ते विमान लागणं समजू नका. एक्झॉस्टच्या गळतीतून कार्बन मोनॉक्साइड आत येत असू शकतो. हीटर बंद, व्हेंट उघडे, जवळच्या धावपट्टीवर उतरा.